काचवाल्यांचा हलका पाय

काचवाल्यांनी एकतीस वर्षं काच वाहिली. दुकान दुसऱ्याचं, टेम्पो दुकानाचा, काच गिऱ्हाइकाची. यांचा स्वतःचा असा होता तो फक्त उजवा पाय. पण तो पाय ॲक्सिलरेटरवर असा अलगद पडायचा, की मागे उभ्या लावलेल्या तावदानांना आपण निघालो हे पोचल्यावरच कळावं. ब्रेक ते दाबत नसत, ब्रेकला विनंती करत. एकतीस वर्षांत त्यांच्या गाडीतली एकच काच फुटली, आणि तीही गाडी उभी असताना, उतरवून घेणाऱ्याला शिंक आली म्हणून. ती शिंक ते अजून विसरलेले नाहीत. "माणूस चांगला होता," ते म्हणतात, "पण बेभरवशाचा."

असा माणूस रस्त्यावर इतरांना किती प्रिय असेल ते सांगायला नको. त्यांच्या मागे अडकून हॉर्न वाजवणारे तरुण पुढे त्यांच्याच मागे अडकून म्हातारे झाले. काचवाल्यांनी कुणाला उलट उत्तर दिलं नाही आणि कुणासाठी वेगही वाढवला नाही. गावात लोक त्यांना नावानं ओळखेनासे झाले, काचवाले म्हणूनच ओळखू लागले, आणि त्यांनाही ते आवडायचं. प्रत्येकाला आपल्या कामाचा थोडा ताठा असतोच.

बायको मात्र अगदी दुसऱ्या टोकाची. ती डोंगरावरच्या हवामानाच्या वेधशाळेत कामाला होती. गावाबाहेर पडलं की रस्ता अकरा वळणं घेत वर चढतो, आणि शेवटच्या वळणावर एक बुटकी पांढरी इमारत, शेजारी उंच खांब आणि खांबावर वाऱ्यानं गरगरणाऱ्या वाट्या. रोज सकाळी सातला पारा बघायचा, पाऊस मोजायचा, खांबावर चढून वाट्यांना तेल द्यायचं, आकडे लिहून काढायचे. बाई सरसर शिडी चढायची, भराभर बोलायची आणि आकडा चुकला तर साहेबालाही सोडायची नाही. "एकजण वारा मोजतो आणि दुसरा झुळूकसुद्धा लागू देत नाही," असं तिचा धाकटा भाऊ या जोडप्याबद्दल म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी ती त्या शिडीवरून पडली. आदल्या रात्रीचं दव होतं, पायरी निसरडी होती, एवढंच. पाठीचे दोन मणके गेले. ऑपरेशन झालं, पाठीत दोन सळ्या आणि सहा स्क्रू बसले. तिला आडवी झोपवून घरी आणता यावी म्हणून काचवाल्यांनी एका फोटोग्राफरची जुनी लांबलचक डिझेल गाडी घेतली. मागची सीट पाडली की तीत माणूस पाय पसरून झोपू शकायचा. गाडी टर्बोची होती, पण काचवाल्यांना टर्बोशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना लांबी हवी होती. दवाखान्यातून घरी यायला वीस मिनिटं लागतात. त्या दिवशी त्यांनी सव्वा तास लावला, आणि दाराशी गाडी थांबवून मागे वळून बघितलं तेव्हा आपल्या पायाचा आजवर झाला नव्हता इतका अभिमान त्यांना वाटला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा महिने जपा. काचवाल्यांनी चार वर्षं जपलं. नोकरी सोडली. घरातली सगळी भांडी, कपडे, पुस्तकं तिच्या छातीच्या उंचीला आणली, म्हणजे वाकायला नको आणि हात वर करायला नको. न्हाणीघरात दोन बाजूंना दांडे बसवले. दीड वर्षानं डॉक्टर म्हणाले की आता कामाला जायला हरकत नाही, चाला, वाका, चढा. तेव्हा घरी येताना काचवाले म्हणाले, "तरुण आहे अजून. अनुभव कमी पडतो." डॉक्टर छप्पन वर्षांचे होते. बायकोनं ऐकलं आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली. हळूहळू ती पाठीबद्दल बोलेनाशीच झाली. काचवाल्यांनी त्याचा अर्थ असा लावला की पाठ बरी झाली, ती आपण बरी केली, आणि आपण असंच जपलं तरच ती बरी राहील. तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणतात ते हेच. त्या फोडाला काय वाटतं, हे विचारायची पद्धत नाही.

मग एका सोमवारी वेधशाळेचं पत्र आलं. तिच्या जागी घेतलेला हंगामी माणूस सोडून चालला होता. साहेबांनी लिहिलं होतं: जागा तुमचीच आहे, एक तारखेला रुजू व्हा, होकार शुक्रवारपर्यंत कळवा. खाली एक ओळ होती की वेधशाळेची जीप आता बंद झाली आहे, येण्याजाण्याची सोय स्वतःची करावी लागेल. बायकोनं पत्र उभ्याउभ्या दोनदा वाचलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे काचवाल्यांनी चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आपली गाडी आहे," ती म्हणाली. "तुम्ही सकाळी सोडा, दुपारी घ्यायला या."

"गाडी चढायला हवी ना," काचवाले म्हणाले.

आता हे मात्र खरं होतं. गाडी सात-आठ महिने आजाऱ्यासारखी चालत होती. सपाटीला ठीक, पण जरा चढ आला की तिचा जीव जायचा. गेल्या महिन्यात रेल्वेच्या पुलावर एका सायकलवाल्यानं तिला मागे टाकलं होतं, आणि तोही शीळ घालत. कधीकधी समोर पिवळा दिवा लागायचा आणि गाडी उरलीसुरली ताकदही टाकून द्यायची. बंद करून पुन्हा चालू केली की दिवा जायचा. काचवाल्यांनी त्यावर आपल्या परीनं उपाय केला होता. ते आणखी हळू चालवायला लागले होते.

"मग दाखवा की माझ्या भावाला," बायको म्हणाली. "उद्याच."

मेहुण्याचं गॅरेज गावाच्या कडेला, पत्र्याच्या लांब शेडमध्ये होतं. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, त्यामुळे कुठला पाना जागेवर नाही ते लांबूनच दिसायचं. मेहुणा अंगानं आडवा, हातानं स्वच्छ आणि तोंडानं फटकळ. गिऱ्हाइकानं आपल्या गाडीला काय झालंय हे सांगायला सुरुवात केली की तो हात वर करायचा. त्याची एक रीत होती. गाडी आली की आधी मालकानं ती चालवायची आणि यानं मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचं. दहा मिनिटं चक्कर मारायची. लोकांना हे विचित्र वाटायचं, पण मेहुणा म्हणायचा की गाडी काय बिघडली ते मला उघडल्यावर कळतंच, कशानं बिघडली ते मात्र असंच कळतं.

तसे ते दोघे चक्कर मारून आले. मेहुणा मागून उतरला आणि बॉनेट उघडून कामाला लागला. काचवाले बाजूला लोखंडी खुर्चीवर बसले, आणि बसल्या जागी त्यांनी मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली. इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसून लोकांनी प्रार्थना केल्या असतील, पण त्या सगळ्या एकाच गोष्टीसाठी: देवा, काही मोठं निघू नये. काचवाले म्हणत होते, देवा, मोठंच निघू दे. असं काहीतरी निघू दे की गाडी शुक्रवारपर्यंत चढणार नाही, नंतरही चढणार नाही, आणि यात कुणाचा दोष नसेल.

मेहुण्यानं हवेचा फिल्टर काढून उजेडात धरला. स्वच्छ. डिझेलचा फिल्टर बघितला. ठीक. स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, इंजिनात हवेचा दाब कमी पडतोय. "ते मलाही माहीत आहे, शहाण्या," असं स्कॅनरला सांगून मेहुण्यानं तो बाजूला ठेवला. मग त्यानं एक जुना डबा आणला. डब्याच्या बुडाला भोक पाडून त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेला होता. टर्बोकडे हवा नेणाऱ्या जाड पाइपच्या तोंडात त्यानं तो डबा घट्ट बसवला, पंपानं आत हवा भरली आणि सगळ्या पाइपांवर, सगळ्या जोडांवर ब्रशनं साबणाचं पाणी लावत गेला. पाइप कुठं फाटला असेल तर तिथं बुडबुडे येतात. काचवाले खुर्चीवरून उठून शेजारी येऊन उभे राहिले.

"त्या खालच्या जोडाला बघ," ते म्हणाले. "तिथं आला वाटतं एक."

"तो मघाचा फेस आहे."

"नीट बघ रे."

मेहुण्यानं नीट बघितलं. कुठंही बुडबुडा नव्हता. त्यानं ब्रश खाली ठेवला आणि भावोजींकडे वळून बघितलं.

"भावोजी, मी पंचवीस वर्षं हे करतोय. बिघाड सापडला की गिऱ्हाइकाचं तोंड पडतं आणि नाही सापडला की जीव भांड्यात पडतो. तुमचं उलटं का चाललंय?"

काचवाल्यांनी घसा साफ केला आणि टायरांच्या किमतीबद्दल काहीतरी विचारलं. मेहुणा गाडीखाली गेला. तिथं टर्बोच्या अंगाला चिकटून एक पत्र्याची डबी असते, आणि डबीतून निघालेली बोटाएवढी दांडी टर्बोच्या आतली पाती हलवते. मेहुण्यानं डबीला हातपंप लावला आणि हवा खेचली. दांडी अंगठ्याच्या रुंदीएवढी सरकायला हवी होती. ती तांदळाच्या दाण्याएवढी सरकली आणि अडली. पुन्हा खेचली, पुन्हा अडली.

"या इकडं," तो खालून म्हणाला. "सापडलं."

काचवाले गुडघे टेकून वाकले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर टवटवी आली. "गेला ना टर्बो?"

"टर्बोला काय धाड भरलीय? चाक मी मघाशीच फिरवून बघितलं, ठणठणीत आहे." मेहुणा बाहेर आला आणि फडक्याला हात पुसत उकिडवा बसला. "हे बघा. गाडीचा धूर बाहेर जाता जाता एक चाक फिरवतो आणि ते चाक इंजिनात हवा कोंबतं. हा झाला टर्बो. त्या चाकाभोवती बारक्या पात्यांचं कडं असतं. पाय दाबला की पाती एकीकडं, सोडला की दुसरीकडं. दिवसभर त्यांची ये-जा चालली पाहिजे आणि धूर चांगला तापला पाहिजे, म्हणजे काजळी जळून जाते. आता तुम्ही सांगा, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजारांच्या पुढं कधी नेलाय?"

"कशाला न्यायचा?"

"चार वर्षांत एकदाही?"

"आत तुझी ताई असायची."

"मघाशी ताई नव्हती. मघाशी मी होतो, सव्वाशे किलोचा, माझा एक मणका हलला नसता. तरी तुम्ही सोळाशेला गिअर बदलत होता." मेहुण्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "पाती काजळीनं चिकटली आहेत. बिघडलेलं काही नाही, भावोजी. न वापरून आखडलंय."

आखडलंय हा शब्द काचवाल्यांनी पूर्वी एकदा ऐकला होता, व्यायाम शिकवायला घरी येणाऱ्या बाईंच्या तोंडून, आणि त्यांना तो तेव्हाही आवडला नव्हता. त्या बाईंचं येणं त्यांनी दोन आठवड्यांत बंद केलं होतं. ते गुडघ्यांवर बसूनच राहिले. "मी तर इतकी जपून चालवली," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. बुचकळ्यात पडलेला माणूस बोलतो तसं ते बोलत होते.

"तेच ना. अति तिथं माती."

मेहुण्यानं काजळी सोडवायचं औषध फवारलं आणि तो पान्यानं दांडी पुढे-मागे करत बसला. अर्ध्या तासानं ती अर्ध्यापर्यंत सरकायला लागली. "बाकीचं माझ्या हातानं होणार नाही," तो म्हणाला. "ते तुमच्या पायानं व्हायचंय. उद्या डोंगराच्या रस्त्याला घ्या. तिसरा गिअर टाका आणि पाय खालपर्यंत दाबा. काटा तीन-साडेतीन हजारांवर, वर पोचेपर्यंत खाली येऊ द्यायचा नाही. मागून काळा धूर निघेल, घाबरू नका, ती चार वर्षांची घाण आहे. पण आता सुटलंय तोवरच करा. पुन्हा तशीच हाकलीत तर आठवड्याभरात जाम."

काचवाले उठले, पँट झटकली, आणि ज्यासाठी ते सकाळपासून धीर गोळा करत होते ते बोलले. "ताईला सांगशील का, की टर्बो गेला म्हणून? गाडीत आता दम नाही म्हणून?"

मेहुण्यानं हातातला पाना भिंतीवर त्याच्या आकृतीत अडकवला. भावोजींची थट्टा करायचा हक्क त्याला लग्नातच मिळाला होता आणि तो त्यानं कधी वाया जाऊ दिला नव्हता, पण आत्ता त्याला थट्टा सुचली नाही. "ती पुन्हा शिडीवर चढेल म्हणून ना?"

"चढणारच ती. ओळखत नाहीस का तिला?"

"ओळखतो," मेहुणा म्हणाला. "म्हणूनच माझ्याकडून खोटं होणार नाही. तिनं मला विचारलं नाही तर मी आपणहून काही बोलायचो नाही. घरात काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

काचवाले घरी आले तेव्हा दुपार झाली होती. बायको टेबलापाशी बसून वेधशाळेत घालायच्या जुन्या जाड बुटांना नव्या नाड्या ओवत होती. ते बूट तिनं माळ्यावरून स्वतः काढलेले असणार, म्हणजे स्टुलावर चढून. काचवाल्यांनी आधी स्टुलाकडे बघितलं, मग बुटांकडे, आणि मग तिनं विचारायच्या आतच सांगून टाकलं.

"टर्बो गेला. जुनी गाडी, आता काही अर्थ नाही म्हणाला. डोंगर विसरा."

बायकोचा हात नाडीवर थांबला. ते वाट बघत होते की आता ती चिडेल किंवा रडेल, आणि दोन्हींसाठी त्यांच्याकडे धीराचे शब्द तयार होते. ती चिडली नाही आणि रडलीही नाही. तिनं नाडी शेवटच्या भोकातून ओढून घेतली.

"बरं झालं मी विचारून ठेवलं," ती म्हणाली. "काल साहेबांना फोन केला होता. वर निवासातली एक खोली रिकामी आहे. सोमवार ते शनिवार तिथंच राहीन, आणि रविवारी दूधवाल्याच्या गाडीतून खाली येत जाईन. तुम्हाला पण धावपळ नको."

काचवाले खुर्चीवर बसले. खोली रिकामी आहे. सोमवार ते शनिवार. तिथं रात्री गरम पाण्याची पिशवी कोण देणार, हा विचार त्यांच्या मनात आधी आला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, जो जास्त खरा होता: इथं आपण कुणाला देणार? या घरात छातीच्या उंचीला लावलेली सगळी भांडी त्यांना एकदम दिसली. तिला घरात ठेवायला म्हणून खोटं बोलले आणि त्या खोट्यानंच ती घरातून चालली होती. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

"बघू," ते चाचरत म्हणाले. "आणखी एखाद्या मेकॅनिकला दाखवून..."

"कशाला? माझा भाऊ चुकत नाही."

"नाही चुकत," काचवाले म्हणाले. आणि मग, कारण दुसरा रस्ताच उरला नव्हता, त्यांनी सांगितलं. टर्बो ठणठणीत आहे हे सांगितलं. पाती चिकटली आहेत आणि ती आपण हळू चालवल्यामुळं चिकटली आहेत हे सांगितलं. उद्या डोंगरावर दाबून चालवली तर मोकळी होतील हेही सांगितलं. बोलताना ते टेबलाच्या कडेकडे बघत होते.

"भावाला पण खोटं बोलायला सांगितलं होतंत?"

"सांगितलं होतं. नाही म्हणाला."

तिनं ओवून झालेला बूट खाली ठेवला. मग तिनं विचारलं, आणि आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणलं असं विचारावं तसा. "एकतीस वर्षं काच वाहिलीत. त्यातली एखादी फार चांगली असेल, महागाची, नाजूक. घरी आणून ठेवलीत का कधी?"

"घरी कशाला?"

"फुटू नये म्हणून."

"काच घरी ठेवून काय करायचं?" धंद्याची गोष्ट निघाली म्हणून काचवाले थोडे सावरून बसले. "ती जिथं बसवायची तिथं नीट पोचवायची, म्हणजे आपलं काम..."

ते तिथंच थांबले. बायकोनं दुसरा बूट घेतला आणि त्यात नाडी ओवायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुढच्या सीटवर बसली. चार वर्षांत ती कधी पुढं बसली नव्हती. गाव संपलं, चढ सुरू झाला. काचवाल्यांनी तिसरा गिअर टाकला आणि पाय दाबला, म्हणजे त्यांना तरी वाटलं की दाबला. काटा अठराशेवर जाऊन उभा राहिला. गाडी कण्हत पहिलं वळण चढली.

"दाबा," बायको म्हणाली.

"दाबलाय."

"खालपर्यंत म्हणाला ना तो?"

खालपर्यंत म्हणजे किती, हे काचवाल्यांना माहीत होतं. पायाला ते पटत नव्हतं. एकतीस अधिक चार वर्षं त्या पायाला एकच गोष्ट शिकवली होती, आणि आता तो शिकवणाऱ्याचंही ऐकेना. त्यांच्या कपाळावर घाम आला. मागून एक ट्रक आला आणि हॉर्न वाजवायला लागला. दुसरं वळण, तिसरं वळण. मग बायकोनं आपला तळहात त्यांच्या उजव्या गुडघ्यावर ठेवला आणि भाकरी थापावी तसा सरळ खाली दाबला.

इंजिनाचा आवाज बदलला. आधी काहीच झालं नाही, मग गाडीनं एक आचका दिला, आणि आरशात मागचा रस्ता काळ्या धुरानं भरून गेला. ट्रकवाला हॉर्न वाजवायचा विसरला. काटा दोन हजार ओलांडून अडीचवर, पावणेतीनवर गेला. आत कुठंतरी बारीक शीळ घुमायला लागली. काचवाल्यांनी त्या गाडीत ती कधी ऐकलीच नव्हती. दोघांच्या पाठी सीटला जाऊन टेकल्या.

पाचव्या वळणापुढे रस्ता उखडलेला होता. लांबूनच खड्डा दिसला आणि काचवाल्यांचा पाय आपोआप वर आला.

"का काढलात?"

"खड्डा आहे."

"दिसला मला. दाबा."

त्यांनी दाबला. गाडी खड्ड्यावरून धाडकन गेली. शेजारी तिचा श्वास अडकल्याचं त्यांनी ऐकलं. त्यांनी नजर वळवली. तिनं दाराची मूठ घट्ट धरली होती, ओठ पांढरे पडले होते.

"दुखलं?" त्यांचा आवाज फाटला. "दुखतंय ना?"

"दुखतंय," ती म्हणाली. "रोजच दुखतं. घरात पडून असते तेव्हा जास्त दुखतं."

"कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुम्ही गाडी ढकलत नेली असतीत." तिनं श्वास सोडला. हात पुन्हा त्यांच्या गुडघ्यावर ठेवला, पण या वेळी दाबला नाही, नुसता ठेवला. "मला वर जायचंय हो. दुखत दुखत जायचंय. चला."

काचवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रस्ता थोडा अंधूक झाला. चार वर्षं आपण तिला एकही धक्का लागू दिला नाही असं ते समजत होते, आणि चार वर्षं ती रोज दुखणं गिळून, आपला नवरा दुखावू नये म्हणून, त्यांच्या मागे गप्प पडून राहिली होती. जपत होतं कोण आणि कुणाला, याचा हिशेब लावायला त्यांना धीर झाला नाही. त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

सातव्या वळणानंतर आणखी एक खड्डा आला, पहिल्यापेक्षा मोठा. या वेळी काचवाल्यांनी तिच्याकडे बघितलं नाही आणि काही विचारलंही नाही. रस्त्याकडे बघितलं, आणि पाय खालपर्यंत तसाच ठेवला.